गॅसमधला टार जातो कुठे?

लाकूडफाटा भरपूर हवेत जाळला की आग मिळते, अपुऱ्या हवेत तापवला की गॅस. कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोजन, थोडा मिथेन आणि हवेबरोबर फुकटात आलेला पुष्कळ नायट्रोजन. हा गॅस भट्टीत जाळता येतो, इंजिनाला देता येतो. मात्र विदर्भातली पऱ्हाटी अजूनही कापूस निघाल्यावर शेतातच पेटवली जाते. त्याला कारणं बरीच आहेत, पण यंत्राच्या बाजूचं मोठं कारण एकच: टार.

लाकूड तापताना ज्या वाफा निघतात त्या सगळ्या शेवटपर्यंत तुटत नाहीत. बेंझीनपेक्षा जड असं जे काही उरतं, ते टार. गॅस गरम असेतो तो निमूट बरोबर चालतो. गॅस निवला की पाइपच्या आतून, कूलरच्या नळ्यांत, इंजिनाच्या व्हॉल्व्हवर काळा चिकट थर धरतो.

आमच्या कॉलनीत सगळे ज्यांना मामा म्हणतात, त्यांची उमेदीची वर्षं गोंदिया-भंडाऱ्याच्या राईस मिलांमध्ये धानाच्या तुसावर चालणारे गॅसिफायर बसवण्यात गेली. त्यांची सख्खी भाची स्वीडनमध्ये, गोथेनबर्गला, गॅसिफायरच्या बेडमध्ये कोणता दगड घालावा यावर काम करते. ती नागपूरला आली की दोघांचं हटकून वाजतं. मी आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवलं, भट्टी कधी चालवली नाही. तेव्हा मधे तोंड घालायचा माझा अधिकार बेताचाच. तरी घातलं.

मामांचं पहिलं वाक्य ठरलेलं. "टार गॅसिफायरच्या आतच मारायचा. बाहेर आला की तू हरलीस."

"कसा मारणार?"

"डाऊनड्राफ्ट. इंधन वरून, गॅस खालून. मधे गळा अरुंद ठेवायचा, तिथेच हवा सोडायची. सगळ्या वाफेला त्या हजार डिग्रीच्या निखाऱ्यातून गेल्याशिवाय वाटच नाही. अपड्राफ्टवाल्यांच्या गॅसमध्ये घनमीटरला शंभर ग्रॅम टार असतो. तुझ्या त्या खदखदत्या वाळूच्या बेडमध्ये दहा. माझ्याकडे एक. बोल."

"एक ग्रॅम म्हणजे हजार मिलिग्रॅम, मामा. इंजिनवाले शंभराच्या आत मागतात. म्हणजे तुमचं सगळं नीट चाललं तरी दहापट जास्त. आणि नीट कधी चालतं? तूस ओलं आलं, लोड कमी झाला, गळा थंड पडला, की तो एक ग्रॅम कुठल्या कुठे जातो."

हे मामांनी नाकारलं नाही. रात्री इंजिन बंद करून जावं आणि सकाळी फ्लायव्हील जागचं हलू नये, हे त्यांनी पुष्कळदा पाहिलं आहे. हेड उघडलं की इनलेट व्हॉल्व्हचा दांडा गाइडमध्ये चिकटलेला. वरचा थर नखाने निघत नाही, डिझेलमध्ये भिजवून पत्र्याने खरवडावा लागतो.

"म्हणून तर पाण्याने धुतो ना गॅस," मामा म्हणाले. "स्क्रबर, मग लाकडाच्या भुशाचा फिल्टर, मग कापडी फिल्टर."

"आणि ते पाणी?"

"फिरवून वापरतो."

"शेवटी?"

मामा चहाकडे वळले. पाण्यात काय उतरतं हे मलाही ठाऊक आहे: फिनॉल आणि त्याचे भाऊबंद. पाणी पिवळं, मग तपकिरी होतं, हाताला वास धरतो तो साबणाने जात नाही. भुशाचा फिल्टर भरला की तो पुन्हा गॅसिफायरमध्ये घालता येतो, ही चांगली सोय. पाण्याला तशी सोय नाही. टार गॅसमधून काढणं अवघड नाहीच, काढलेल्या टारचं करायचं काय हे अवघड आहे. या विषयावरचं बरंच लिखाण कोणत्या उत्प्रेरकाने किती टक्के टार गेला याच्या तक्त्यांनी भरलेलं असतं. तो गेला कुठे, हा रकाना माझ्या मते तक्त्यात पहिला हवा.

भाचीचं उत्तर त्या रकान्यातूनच येतं. "टार घाण नाही मामा, तो अर्धवट राहिलेला गॅस आहे. नॅप्थलीन घ्या, कपाटातल्या डांबरगोळ्यांतलं. त्याच्या एका रेणूत दहा कार्बन. पाण्याच्या दहा रेणूंबरोबर तो तुटला तर कार्बन मोनॉक्साइडचे दहा आणि हायड्रोजनचे चौदा रेणू होतात. तुम्ही धुऊन टाकता ती ऊर्जा आहे. फक्त ती तुटायला हवी, आणि बाराशे डिग्रीपर्यंत न जाता तुटायला हवी. तिथे दगड लागतो."

तिने पिशवीतून नमुने काढले. डोलोमाइटचा एक मळकट पांढरा खडा, आणि काचेच्या दोन बाटल्या. एका बाटलीत ताजा ऑलिव्हिन, फिक्कट हिरवी रेती. दुसरीतला ऑलिव्हिन बेडमध्ये फिरून आलेला, विटकरी तपकिरी. एकच दगड, पण शेजारी ठेवल्यावर सांगितल्याशिवाय पटत नाही.

मामांनी खिशातला चाकू काढून डोलोमाइटवर ओढला. पांढरी रेघ उठली, टेबलावर चिमूटभर पीठ पडलं. "हा तुझा उत्प्रेरक? याचं तर पीठ होतं. फिरत्या बेडमध्ये चार दिवसांत फिल्टरमध्ये जाऊन बसेल."

"बसतो," ती म्हणाली. "ती त्याची खोडच आहे. पण आधी गुण ऐका."

गुण खरंच मोठे आहेत. डोलोमाइट म्हणजे कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांचा जोड कार्बोनेट. आपल्याकडे यवतमाळ, चंद्रपूर भागात मिळतो, पोलाद कारखान्यांना फ्लक्स म्हणून लागतो, किंमत उत्प्रेरकाची नव्हे, खडीची. कच्चा दगड टारचं फारसं काही करत नाही. तो आठशे-नऊशे डिग्रीला भाजावा लागतो. भाजताना त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि शंभर किलोचे जेमतेम बावन्न किलो उरतात. जिथून वायू गेला तिथे छिद्रं राहतात. त्या छिद्रांच्या भिंतींवर कॅल्शियम आणि मॅग्नेशियम ऑक्साइड उघडे पडतात, आणि टारचे रेणू तिथे येऊन वाफेच्या साक्षीने तुटतात. दगडात थोडं लोखंड असलं तर काम आणखी बरं होतं. स्पेनमधल्या संशोधकांनी १९९० च्या दशकात नुसता चुनखडक, मॅग्नेसाइट आणि डोलोमाइट शेजारीशेजारी तपासले, तेव्हा भाजलेला डोलोमाइटच सरस ठरला.

"मग जगभर हाच का नाही वापरत?" मी विचारलं.

"वापरतात. पण तो दाबाला भितो," भाची म्हणाली. "साध्या वातावरणाच्या दाबाला साडेआठशे डिग्रीवर तो भाजलेलाच राहतो. गॅसिफायर वीस बारवर चालवला की गॅसमधल्या कार्बन डायऑक्साइडचाही दाब वाढतो. मग साडेनऊशेच्या पुढे गेल्याशिवाय चुना टिकत नाही, परत कार्बोनेट होतो. छिद्रं बुजली, काम संपलं."

"आणि पीठ होतं ते वेगळंच."

"हो, ते आहेच. म्हणून काही ठिकाणी त्याला गॅसिफायरच्या बाहेर, मागच्या स्वतंत्र भांड्यात ठेवतात. स्वीडनच्या टीपीएस कंपनीने तसा डोलोमाइट क्रॅकर केला होता."

मामांना हेच हवं होतं. "तो इंग्लंडात बसवला ना? यॉर्कशरमध्ये, एग्बरोला? आठ मेगावॉट, विलोच्या लागवडीवर चालणार होता. काय झालं त्याचं?"

"कंपनी २००२ मध्ये बुडाली."

"प्लांट धड चालायच्या आत!"

मामांचा बाण बरोबर लागला, पण थोडा बाजूला. आर्बर नावाच्या त्या प्रकल्पाच्या मागे पैशाचं, मालकीचं आणि नव्या यंत्राच्या चाचण्यांचं लचांड होतं. सगळं खापर दगडावर फोडणं अन्यायाचं. पण गॅसिफायरमागे आणखी एक गरम भांडं, तेही नऊशे डिग्रीचं, ही गोष्ट कागदावर एका चौकोनाची असते आणि जागेवर वेल्डर, विटा आणि फुगणारे पाइप यांची असते. हे मामांना ठाऊक आहे, आणि संशोधन करणाऱ्यांना ते कोणीतरी सांगावंच लागतं.

मग मामांनी चाकू हिरव्या रेतीवर दाबून पाहिला. रेघ उठली नाही.

"हा ऑलिव्हिन," भाची म्हणाली. "मॅग्नेशियम आणि लोखंडाचा सिलिकेट. कठीणपणात वाळूच्या जवळपास. म्हणून वाळूच्या जागी तो थेट बेडमध्येच घालायचा. वेगळं भांडं नाही. टार जन्मतो तिथेच दगड हजर."

"काम डोलोमाइटइतकं करतो?"

"ताजा असताना नाही."

यानंतर तिने सांगितलं ते मला सगळ्यात रंजक वाटलं. ऑस्ट्रियाच्या बुर्गेनलँडमध्ये, हंगेरीच्या सीमेजवळ ग्युसिंग नावाचं छोटं गाव आहे. व्हिएन्नाच्या तांत्रिक विद्यापीठातल्या हेरमान होफबाउअर यांच्या गटाने विकसित केलेला गॅसिफायर तिथे २००२ च्या सुमारास वीज देऊ लागला. आठ मेगावॉटचं लाकूड आत, दोन मेगावॉट वीज बाहेर, शिवाय गावाला गरम पाणी. दोन कप्पे: एकात वाफेवर लाकडाचा गॅस होतो, दुसऱ्यात उरलेला कोळसा हवेत जळतो, आणि तापलेला ऑलिव्हिन या कप्प्यातून त्या कप्प्यात उष्णता वाहत फिरत राहतो. हवा आणि गॅस यांची भेटच होत नाही, त्यामुळे गॅसमध्ये नायट्रोजन जवळजवळ नाही आणि हायड्रोजन चाळीस टक्क्यांच्या घरात.

"आणि फिरता फिरता दगड बदलतो," ती विटकरी बाटली उजेडात धरून म्हणाली. "भाजल्यावर आतलं लोखंड पृष्ठभागाकडे सरकतं, हा रंग त्याचा. शिवाय लाकडाच्या राखेतला कॅल्शियम दाण्यावर बसत जातो. काही आठवड्यांनी प्रत्येक दाण्याभोवती कॅल्शियमचं कवच. टार मोडण्यात हा जुना दगड नव्यापेक्षा कितीतरी सरस. म्हणून बेड बदलताना सगळा जुना माल काढून टाकायचा नाही, ही तिथली शिकवण."

"म्हणजे काम दगड करत नाही, राख करते," मामा म्हणाले.

"दोघं मिळून."

मामांनी हे सहज म्हटलं, पण गोष्ट तिथेच येऊन ठेपते. गोथेनबर्गच्या गोबीगॅस प्रकल्पात याचीच दुसरी बाजू दिसली. लाकडापासून मिथेन करून शहराच्या गॅसवाहिनीत सोडायचा, क्षमता वीस मेगावॉट. सुरुवातीला ताज्या ऑलिव्हिनवर टार इतका निघे की गॅसचा कूलर त्याने भरून जाई. उपाय निघाला तो नवा दगड आणून नव्हे, जुन्याच दगडाला पोटॅशियम कार्बोनेट पाजून. पोटॅशियम लाकडाच्या राखेतही असतंच. ते बेडमध्ये पुरेसं साठायच्या आधीच बाहेर निघून जात होतं, म्हणून वरून द्यावं लागलं. जे पोटॅशियम वाळूशी जमून बेडमध्ये गोळे करतं आणि ऑपरेटरची झोप उडवतं, तेच योग्य प्रमाणात, योग्य दगडावर टार मोडतं.

"छान," मामा म्हणाले. "आता हे दोन्ही प्लांट कुठे आहेत?"

भाची हसली. "ग्युसिंग २०१६ ला बंद. गोबीगॅस २०१८ ला."

"हेच! माझ्या मिलांमधले दोन अजून चालू आहेत."

"ग्युसिंगला विजेचा ठरलेला चढा दर मिळायचा, त्याची मुदत संपली. गोबीगॅसला नैसर्गिक वायूच्या भावाशी झुंजायचं होतं. टार हे कारण नव्हतं, मामा. ग्युसिंगमध्ये तर सांडपाणीच नव्हतं. ऑलिव्हिनने मोडून उरलेला टार रेपसीड तेलाच्या बायोडिझेलने धुवायचे. भरलेलं बायोडिझेल परत जळणाच्या कप्प्यात. टार गेला कुठे, हे विचारायचंच होतं ना? तिथे त्याचं उत्तर होतं."

मामांनी इथे हार मानायला हवी होती. पण ते बाणा सोडून मागे सरले नाहीत, दुसऱ्या वाटेने पुढे आले.

"मान्य. पण तुझ्या दगडाला किमान साडेआठशे डिग्री लागते. आठ मेगावॉटला ती टिकते. माझ्या मिलचा गॅसिफायर शंभर किलोवॉटचा. भिंतीतून जाणारी उष्णता त्याच्या मानाने किती? तिथे दोन कप्प्यांचा फिरता बेड लावलास तर निम्मं तूस भिंती तापवण्यात जाईल. आणि दगडाचं नाव काढतेस तर सांगतो, माझ्याकडे दगड आहे. फुकट. कोळसा."

"तुमचा निखारा?"

"हो. टार कोळशावरही तुटतो ना? डेन्मार्कच्या विद्यापीठाने व्हायकिंग नावाचा गॅसिफायर केलाय. पंचाहत्तर किलोवॉट, माझ्याच जातीचा. आधी लाकूड वेगळ्या नळीत इंजिनाच्या धुराच्या उष्णतेवर कोळपवायचं, मग त्या वाफेला थोडी हवा देऊन अकराशेच्या वर न्यायचं, मग तीच वाफ त्याच लाकडाच्या कोळशाच्या थरातून. टार जवळजवळ शून्य. ना डोलोमाइट, ना ऑलिव्हिन. झिजला की आपोआप नवा कोळसा येतो. तुझ्या ऑलिव्हिनमध्ये निकेल आणि क्रोमियम असतं, त्याची राख शेतात टाकता येते का?"

भाचीने हे सरळ मान्य केलं. ऑलिव्हिनमधलं हे निकेल-क्रोमियम बारीक होऊन उडत्या राखेत उतरतं, आणि मग राख खत म्हणून वापरायची पंचाईत होते. त्यासाठीच आता फेल्डस्पारसारखे, जड धातू नसलेले दगड तपासले जात आहेत. तिचं सध्याचं काम त्यातलंच.

"आणि तुमच्या कोळशाची अट सांगू?" ती म्हणाली. "व्हायकिंगला लाकडाचे तुकडे लागतात. कोळसा थरात उभा राहायला हवा. तुसाचा कोळसा उभा राहतो?"

नाही राहत. तुसात पंधरा ते वीस टक्के राख, त्यातली नव्वद टक्क्यांहून जास्त सिलिका. कोळसा जळाला तरी सिलिकेचा सांगाडा तुसाच्याच आकारात शाबूत राहतो आणि निखाऱ्याचा थर कोंदटतो. म्हणूनच तुसाचे गॅसिफायर खालून सतत राख काढत चालवावे लागतात, आणि म्हणूनच त्यांचा टार लाकडावरच्या डाऊनड्राफ्टइतका खाली कधी येत नाही. तूस दगडालाही मानवत नाही. सिलिका चुन्याशी जमते, आणि भाजलेल्या डोलोमाइटचा उघडा पृष्ठभाग सिलिकेटखाली जातो.

माझं मत इथे पक्कं झालं. दगड चांगला की वाईट हा प्रश्न एकट्या दगडाला विचारताच येत नाही. इंधनाची राख कोणती, आणि गॅस थंड करायचा आहे का, हे आधी विचारावं लागतं. दुसऱ्याचं उत्तर 'नाही' असेल तर बाकी सगळी चर्चा गुंडाळता येते. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने उसाचं पाचट आणि बगॅस यांवर गॅसिफायर केला तो भट्टीसाठी. गॅस गरम असतानाच बर्नरला द्यायचा, टार त्याच्याबरोबरच जळतो, उलट त्याची उष्णता पदरात पडते. जिथे नुसती भट्टी तापवायची आहे तिथे टार काढायला उत्प्रेरक मागणं म्हणजे पैशाचा अपव्यय. हे मी बोलून दाखवलं, तेव्हा दोघंही माझ्यावर एकदम घसरले: मामा म्हणाले मिलवाल्याला वीज हवी असते, भाची म्हणाली जगाला मिथेन हवा आहे.

"पऱ्हाटीचं बोला," भाची म्हणाली. "तिचं लाकूड असतं. तिच्या राखेत कॅल्शियम किती, पोटॅशियम किती?"

"दोन्ही असणार. काळ्या मातीचं पीक."

"कॅल्शियम भरपूर असेल तर दाण्यावर कवच धरेल, ग्युसिंगसारखं. पोटॅशियम जास्त झालं आणि बरोबर मातीची सिलिका आली तर गोळे होतील. शेतकरी मुळासकट उपटतात ना?"

"मुळासकटच. चिमट्याने."

"मग माती येणार. मुळाची वेगळी आणि खोडाची वेगळी, अशी राख हवी मला."

"पण पाच-दहा मेगावॉटच्या खाली तुझा बेड बसणार नाही. तेवढी पऱ्हाटी किती गावांतून ओढून आणणार? ट्रॅक्टरची ट्रॉली भरली तरी वजन भरत नाही तिचं."

"गठ्ठे बांधून. किंवा गावातच कुट्टी करून."

"कुट्टीचं डिझेल कोण देणार?"

यावर तिच्याकडे आकडा नव्हता, मामांकडेही नव्हता. तिने दोन्ही बाटल्या कागदात गुंडाळून पिशवीत ठेवल्या. डोलोमाइटचा खडा मामांनी ठेवून घेतला. वणीकडच्या एका चुनाभट्टीवाल्याला ते ओळखतात, त्याच्याकडून असाच दगड भाजून आणून जुन्या गॅसिफायरच्या मागे एक ड्रम लावून पाहायचा त्यांचा विचार दिसला.

"गॅस तिथे पोचेपर्यंत चारशे डिग्रीवर येईल, मामा. त्या ड्रममध्ये काही होणार नाही."

"ड्रमच्या आधी थोडी हवा सोडीन. थोडा गॅस जळेल, डिग्री चढेल."

"किती गॅस जळेल ते मोजाल ना?"

"तू मीटर पाठव, मोजतो."